यूनसाहेबांचे चार ऋतू

यून सोक-हो हे नाव ऐकलंय कधी? नाही ना? नो प्रॉब्लेम. सोलमधल्या आमच्या ऑफिसात पंचविशीतल्या पोरांना विचारलं, तर त्यांनीही खांदे उडवले. मग मी म्हटलं, ‘विंटर सोनाटा’. एका सेकंदात टेबलाभोवतीचे सगळे चेहरे बदलले. एकीने गळ्यातला मफलर ठरावीक पद्धतीने गुंडाळून दाखवला, दुसऱ्याने तोंडाने पियानो वाजवला आणि तिसरी म्हणाली, ‘‘ती तर माझ्या आईची सीरियल!’’

टीव्हीच्या दिग्दर्शकाचं हे असंच असतं. हिरोचा मफलर लक्षात राहतो, तो मफलर कुठल्या रंगाचा हवा हे ठरवणारा माणूस राहत नाही.

आपल्याकडे के-ड्रामाचा खरा ताप चढला तो लॉकडाऊनमध्ये. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ बघून अख्खी टीम सोमवारी झूम कॉलवर सुजलेल्या डोळ्यांनी बसायची, आठवतंय? मग २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ आलं आणि ज्यांना सबटायटल्सचा कंटाळा होता तेही कामाला लागले. पण ही गाडी ज्या रुळांवरून आली, त्यातले बरेचसे रूळ वीस वर्षं आधी एका माणसाने टाकून ठेवले होते. बर्फ, पियानो, पहिलं प्रेम आणि आठवड्याला दोन एपिसोड एवढ्या भांडवलावर.

जानेवारीत ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे सोलला होते. पुढे चार दिवस सुट्टी जोडून घेतली. सगळ्यांनी सल्ला दिला, म्योंगदोंगला शॉपिंग कर, फेसमास्क आण. मी ठरवलं, एका माणसाचा सीव्ही हातात घेऊन फिरायचं. यूनसाहेबांचा.

सीव्ही तसा सरळ आहे. जन्म १९५७. १९८५ मध्ये केबीएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी मालकीच्या चॅनेलमध्ये नोकरी. नव्वदच्या दशकात तरुणांच्या प्रेमकथा: १९९४ ची ‘फीलिंग्ज’, १९९६ ची ‘कलर’, १९९७ ची ‘प्रपोज’. यातलं ‘कलर’ हे नाव ध्यानात ठेवा. पुढे स्वतःचं प्रॉडक्शन हाऊस काढलं तेव्हा त्याचंही नाव ‘यून्स कलर’ ठेवलं. गोष्ट सांगण्यापेक्षा रंग लावण्यात ज्याचा जीव जास्त रमतो, असा हा माणूस. मग २००० मध्ये ‘ऑटम इन माय हार्ट’ आली, आणि तिने कोरियात चाळीस टक्क्यांवर रेटिंग नेलं. तिथून पुढे ऋतूंचा सिलसिलाच सुरू झाला. २००२ मध्ये हिवाळा, २००३ मध्ये उन्हाळा (‘समर सेंट’), २००६ मध्ये वसंत (‘स्प्रिंग वॉल्ट्झ’). आपल्याला हे जरा विचित्रच वाटतं. आपल्याकडे ऋतू एकच, पावसाळा. बाकीचे दोन त्याची वाट बघणारे आणि त्याच्या आठवणी काढणारे. पण कोरियात चारही ऋतू ठरल्या वेळी येतात, प्रत्येकाचा कपडेपट वेगळा, आणि यूननी या प्रत्येकाला एकेक प्रेमकथा बहाल केली.

शाळेच्या फाटकाशी

सुरुवात सोलच्या मधोमध. बुकचोनमधली कौलारू घरं बघायला सगळेच जातात. तिथल्याच ग्ये-दोंगचा चढ चढून गेलात की वर चुंगआंग हायस्कूल लागतं. दगडी, भारदस्त, थोडं आपल्या जुन्या मिशनरी कॉलेजांसारखं. ‘विंटर सोनाटा’तली शाळा ती हीच. मालिकेत ती चुनचॉन शहरात आहे, सोलपासून चांगली लांब. शूटिंग झालं ते इथे. उशिरा आलेली दोघं भिंत चढून शाळेत शिरतात, तो वाकतो, ती त्याच्या पाठीवर पाय ठेवते... एवढ्याशा प्रसंगावर पुढचे एपिसोड उभे आहेत. मग तो अपघातात जातो. दहा वर्षांनी तिला हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा माणूस भेटतो, चष्मा आणि सोनेरी छटेचे केस. तोच आहे का? तोच आहे. स्मृती गेलीय. (लॉजिक विचारू नका. आपण ‘कुसुम’ आणि ‘कसौटी’ बघितलेली माणसं, आपण कोणत्या तोंडाने विचारणार?)

शनिवार-रविवारी शाळेचा वर्ग नसला की पाहुण्यांना आवारात जाऊ देतात. मी गेले तेव्हा आत साठीच्या पुढच्या चार जपानी बायका होत्या. चौघींचे एकाच कंपनीचे थर्मास, डोक्यावर लोकरीच्या टोप्या. एक जण फाटकाला पाठ लावून उभी राहिली आणि बाकीच्या तिघींनी आळीपाळीने फोटो काढला. मला त्यांनी खुणेनेच विचारलं, चौघींचा एकत्र काढाल का? काढला. अगदी वाकून आभार मानले.

या शाळेला आणखी एक इतिहास आहे आणि तो आवारात लिहून ठेवलाय. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. १९१९ च्या मार्चमध्ये स्वातंत्र्यासाठी देशभर जे आंदोलन पेटलं, त्याची खलबतं या शाळेतही झाली होती. म्हणजे जपान्यांविरुद्ध जिथे चिठ्ठ्या फिरल्या, त्याच फाटकाशी पंच्याऐंशी वर्षांनी जपानी बायका रांगेत उभ्या राहून फोटो काढायला लागल्या! कुठल्या मंत्र्याने हे घडवून आणलं नव्हतं. एका टीव्ही सीरियलने घडवलं.

२००३ मध्ये जपानच्या एनएचकेने ‘विंटर सोनाटा’ आपल्या सॅटेलाइट चॅनेलवर दाखवली. इतकी पत्रं आली की २००४ मध्ये ती मुख्य चॅनेलवर आणावी लागली, तीही शनिवारी रात्री अकरानंतर. तरी शेवटच्या भागाला टोकियो भागात वीस टक्क्यांच्या आसपास प्रेक्षक होते. हिरो बे योंग-जून एप्रिल २००४ मध्ये हानेदा विमानतळावर उतरला तेव्हा घ्यायला सुमारे पाच हजार लोक आले होते, बहुतेक सगळ्या बायका, बहुतेक सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. त्याला त्या ‘योन-सामा’ म्हणायच्या. ‘सामा’ म्हणजे आपल्या ‘साहेब’, ‘राव’, ‘जी’ या सगळ्यांच्या वरचा आदर.

त्या काळात या बायकांची खूप टिंगल झाली. काकूंना खूळ लागलंय, असा सूर. मला ती टिंगल मुळीच पटत नाही. या काकूंनी केलं काय? कोरियन शिकण्याचे क्लास लावले, स्वतःच्या पैशाने तिकिटं काढली आणि ज्या देशाबद्दल लहानपणापासून फारसं चांगलं ऐकलं नव्हतं, तिथे प्रेमाने गेल्या. पुरुषांनी क्रिकेटच्या मॅचसाठी एवढं केलं असतं, तर त्याला पॅशन म्हटलं असतं आपण.

मेलेलं समजलेलं झाड

दुसऱ्या दिवशी नामी बेट. सोलहून गाप्यॉंगला ट्रेनने तासाभरात पोचता येतं, तिथून धक्क्यावर टॅक्सी, मग पाच मिनिटांची लाँच. धक्क्यावर गंमत आहे. २००६ मध्ये या बेटाने स्वतःला ‘नामीनारा रिपब्लिक’ म्हणून जाहीर केलं, त्यामुळे तिकिटाच्या खिडकीला इमिग्रेशन म्हणतात आणि तिकीट म्हणजे व्हिसा! आपल्या कोरियन व्हिसाच्या कागदपत्रांचा ढीग आठवला आणि वाटलं, सगळ्याच रिपब्लिकांनी हे शिकायला हवं.

बेट मुळात बेटच नव्हतं. १९४४ मध्ये खाली छंगप्यॉंगचं धरण झालं, बुकहान नदीचं पाणी चढलं आणि टेकाडाचं बेट झालं. जनरल नामी या पंधराव्या शतकातल्या तरुण सेनापतीची समाधी इथे असल्याची समजूत आहे. राजद्रोहाचा आळ घेऊन १४६८ मध्ये त्याला मारलं. १९६५ मध्ये कोरियाच्या रिझर्व्ह बँकेचे, म्हणजे बँक ऑफ कोरियाचे, माजी गव्हर्नर मिन ब्योंग-दो यांनी हे बेट विकत घेतलं आणि झाडं लावत सुटले. रिटायर झाल्यावर काय करायचं, याचं एवढं चांगलं उत्तर मी तरी ऐकलेलं नाही. पुढे मात्र बेटाचं पिकनिक स्पॉट झालं. दारू, कर्णकर्कश गाणी, कचरा. कर्ज वाढलं. २००१ मध्ये कांग उ-ह्योन या चित्रकार-डिझायनरच्या हातात कारभार आला. त्याने रिकाम्या सोजूच्या बाटल्यासुद्धा फेकल्या नाहीत, त्या बांधकामात वापरल्या. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात यूनसाहेबांचं युनिट कॅमेरे घेऊन आलं.

तुम्ही फोटोत पाहिलेली ती दोन्ही बाजूंची उंच, सरळसोट झाडांची वाट म्हणजे मेटासेक्वॉयाची रांग. या झाडाची गोष्ट ऐका. शास्त्रज्ञांना ते फक्त जीवाश्म म्हणून माहीत होतं, लाखो वर्षांपूर्वी संपलेलं असं धरून चालले होते. मग १९४० च्या दशकात चीनमध्ये जिवंत झाडं सापडली! मेलेला समजलेला हिरो दहा वर्षांनी परत येतो त्या मालिकेला ही झाडं मिळावीत, हा योगायोग यूनना माहीत होता की नाही कोण जाणे. वाटेवर सकाळी नऊला बर्फ अजून कोणी तुडवला नव्हता. पाच मिनिटं तिथे मी एकटी होते. सीरियलमध्ये ही वाट जशी दिसते तशी ती खरोखरच दिसते, हे मला नवल वाटलं. कारण आपला अनुभव उलटा असतो ना? पडद्यावरचं लोकेशन प्रत्यक्षात नेहमी लहान निघतं.

मग दुसरी लाँच आली आणि तीनशे माणसं उतरली. मलेशियन, थाई, तैवानी, आणि एक गुजराथी ग्रुप, थेपल्यांसकट. पहिल्या चुंबनाच्या बाकावर दोन छोटे स्नोमॅन ठेवलेत, तिथे फोटोसाठी रांग. सीरियलच्या हिरो-हिरॉइनचा ब्राँझचा पुतळाही आहे. २०१० च्या दशकाच्या मध्यात इथे वर्षाला तीस लाखांवर लोक येत होते. पुतळ्याचा हात लोकांनी धरून धरून चकचकीत झालाय. यून सोक-हो यांचा पुतळा मला कुठे दिसला नाही.

यश चोप्रांनी आपल्याला स्वित्झर्लंड विकलं. यूननी उलटं केलं, कोरियन माणसाला त्याचाच देश विकला. जिथे बाप शनिवारी सोजू पीत बसायचा ते बेट पोरीला रोमँटिक वाटायला लागलं. बोसोंगचे चहाचे मळे ‘समर सेंट’मुळे, ‘विंटर सोनाटा’च्या शेवटच्या भेटीतलं दक्षिणेचं ओएदो बेट... यादी लांब आहे. पर्यटन खात्याने कितीही पोस्टर्स छापली असती तरी हे जमलं नसतं.

दुपारी चुनचॉनला जाऊन डाकगाल्बी खाल्लं. मोठ्या लोखंडी तव्यावर, तुमच्यासमोर, कोंबडी, कोबी, रताळी, तांदळाचे लांबट गोळे आणि लाल मिरचीची पेस्ट. शेवटी उरलेल्या मसाल्यात भात परततात, आपला तवा पुलावच. वाढणाऱ्या काकूंनी मला विचारलं, तिखट चालेल ना? मी हसले फक्त.

तोच तो माणूस

चुनचॉनहून सोकछोला जाणारी बस बोगद्यांमागून बोगदे घेत पूर्व किनाऱ्याकडे जाते. मोबाइलवर मी ‘स्प्रिंग वॉल्ट्झ’चा एक एपिसोड लावला होता. खरं सांगू? मला ती आवडली नाही. वान्दोजवळच्या छंगसानदो बेटावरची पिवळीधमक मोहरीची शेतं, मग ऑस्ट्रिया, पुन्हा पियानो, पुन्हा बालपणीचं प्रेम, पुन्हा लपवलेली ओळख. प्रत्येक फ्रेम वॉलपेपर म्हणून लावावी अशी, पण माणसं वॉलपेपरच्या पुढे येत नाहीत. कोरियन प्रेक्षकांचंही तेच झालं. तोवर त्यांना विनोदी, तोंडाळ, कामावर जाणाऱ्या नायिका आवडायला लागल्या होत्या. २०१२ मध्ये यूननी ‘लव्ह रेन’ केली, तिच्यात सत्तरच्या दशकातलं कॉलेजातलं प्रेम आणि पुढच्या पिढीत त्याचा हिशेब. लेखिका तीच, ‘ऑटम’वाली ओ सू-यॉन. हिरो जांग कुन-सोक आणि ‘गर्ल्स जनरेशन’ची युना, म्हणजे त्या वेळचे सुपरहिट चेहरे. रेटिंग पाच टक्क्यांच्या आसपास घुटमळलं. चाळीसवरून पाच!

आपल्या भाषेत याला ‘आउटडेटेड’ म्हणतात. अप्रेझलच्या फॉर्मवर ‘नीड्स टू रीइन्व्हेंट’ असं लिहून येतं. मी हे वाक्य अनेकांच्या फॉर्मवर पाहिलंय. यूननी रीइन्व्हेंट वगैरे काही केलं नाही. २०१७ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी आयुष्यातला पहिला सिनेमा केला. तोही जपानमध्ये, जपानी कलाकार घेऊन, होक्काइदोच्या निसर्गात. गोष्ट? तेवीस वर्षांनी भेटलेलं पहिलं प्रेम. म्हणजे पुन्हा तेच! याला हट्ट म्हणा, मर्यादा म्हणा. मला बसमध्ये बसून त्यांचा हेवा वाटला. जिथे मागणी होती तिथे गेले, पण माल बदलला नाही.

अबाई गावची नाव

सोकछो हे या प्रवासातलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण, आणि इथे येईपर्यंत मला यूनचं नेमकं कौतुक कशाचं करायचं ते सापडलं नव्हतं.

‘ऑटम इन माय हार्ट’ची गोष्ट अशी: हॉस्पिटलमध्ये दोन मुलींची अदलाबदल होते. चौदाव्या वर्षी ते उघडकीला येतं. सुखवस्तू घरातली उन-सो आपल्या खऱ्या, गरीब आईकडे जाते. ती गरीब आई राहते ते गाव म्हणजे सोकछोचं अबाई गाव. भाऊ मानलेला मुलगा परदेशी जातो, मोठेपणी परत येतो, प्रेमात पडतात, मग ल्युकेमिया. १६ एपिसोड, टिश्यूचे दोन बॉक्स.

अबाई म्हणजे उत्तरेच्या हामग्योंग प्रांताच्या बोलीत म्हातारबाबा, आजोबा. कोरियन युद्धात, १९५१ च्या जानेवारीत माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर तिकडची माणसं दक्षिणेला आली. युद्ध संपलं की परत जायचं, म्हणून सीमेच्या जवळच्या या वाळूच्या पट्ट्यावर तात्पुरत्या झोपड्या घातल्या. १९५३ मध्ये युद्ध थांबलं आणि सीमा बंद झाली. ती आजही बंद आहे. तात्पुरत्या झोपड्यांचं गाव झालं. गंमत म्हणजे खुद्द सोकछो शहरही ३८ व्या अक्षांशाच्या वर, १९४५ ते १९५० उत्तरेकडेच होतं. म्हणजे आलेले लोक निर्वासित आणि यजमान शहर स्वतःच देश बदललेलं.

गावात जायला गेत्बे नावाची नाव आहे. इंजिन नाही. खाडीवर आडवी लोखंडी तार टाकलीय, नावेवरचे काका लोखंडी आकडा तारेत अडकवतात आणि चालत मागे जातात, नाव पुढे सरकते. प्रवाशांनीही एक आकडा घ्यायचा. मीही ओढली. पाच मिनिटंही लागत नाहीत, पण हात चांगलेच भरून येतात. मालिकेत याच नावांवर उन-सो आणि तिचा भाऊ एकमेकांच्या जवळून जातात आणि त्यांना कळत नाही. एक नाव येणारी, एक जाणारी.

या दृश्यासाठी लोकेशन मॅनेजरने दाखवलेली कुठलीही सुंदर जेटी चालली असती. यूननी ही नाव घेतली. मालिका फाळणीवर नाही, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पण ज्या गावातल्या प्रत्येक घराचं कोणीतरी पलीकडे राहिलंय, त्या गावात त्यांनी ताटातुटीची गोष्ट नेऊन ठेवली. कोरियन प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागलं नसणार. शेवटचा सीन तर आणखी वर, सीमेकडे, ह्वाजिन्पोच्या किनाऱ्यावर आहे. मरत्या उन-सोला पाठीवर घेऊन तो वाळूतून चालतो. त्याच ह्वाजिन्पोला उत्तरेच्या किम इल-सुंगचा जुना बंगला आहे आणि दक्षिणेच्या पहिल्या अध्यक्षांचा, सिंगमन ऱ्हीचाही! दोघांनाही हवा मानवायची. बघायला तिकीट घेऊन जाता येतं.

गावात उन-सोच्या घराच्या पाट्या अजून आहेत, तिचं किराणा दुकान म्हणून. बाजूला अबाई सुंदेची हॉटेलं ओळीने. डुकराच्या आतड्यात भात-भाज्या भरून वाफवतात, ती उत्तरेची खासियत. मी माकुलाचा प्रकार घेतला, माकुलाच्या पोटात तेच सारण, वरून अंड्यात बुडवून तळलेलं. कोकणातल्या कुठल्याही माणसाला सासरी आल्यासारखं वाटेल. हॉटेलच्या मालकीणबाईंच्या मागे भिंतीवर दोन फोटो होते. एक सीरियलच्या शूटिंगचा, रंग उडालेला. दुसरा कृष्णधवल, एका म्हाताऱ्याचा, साध्या कोटातला. मी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. ‘‘सासरे,’’ त्या म्हणाल्या, माझ्या फोनमधल्या ट्रान्सलेटरकडे तोंड करून. आणि मग बोट उत्तरेकडे केलं. त्या पहिल्या पिढीतले फार थोडे आता उरलेत.

जायचंच असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, तेव्हा नामीवर बर्फाची शक्यता जास्त, आणि मधल्या वारी पहिली लाँच पकडा. सोलहून सोकछोची थेट एक्स्प्रेस बस अडीच तासांच्या आसपास घेते. वसंतात गेलात तर दक्षिणेला वान्दोहून छंगसानदोची बोट घ्या, तासाभराच्या आत पोचते. मालिकेचा सेट आणि मोहरीची शेतं एप्रिलमध्ये बघण्यासारखी असतात, आणि तिथली बेचाळीस किलोमीटरची पायवाट सीरियलपेक्षा नक्कीच सरस आहे. थंडीत गेत्बेवर मात्र हातमोजे घालून चढा. आकडा बर्फासारखा गार असतो आणि काका तो तुमच्या हातात दिल्याशिवाय राहत नाहीत.